जोडावरची लाल खूण

ट्रॅकर शालूनं चार्जिंगला लावला होता, हे चौकशीत कुणी विचारणार नव्हतं. भाकरी तिनं बांधली होती, पाण्याची बाटली तिनं भरली होती, नारिंगी जाकिटाची उसवलेली पट्टी आदल्या दिवशी तिनंच टाचली होती. एवढं सगळं करून माणूस म्हणू शकतो की आपण घरकामापलीकडं काही केलं नाही. शालू पाच दिवस स्वतःची तशीच समजूत घालत होती, आणि ती काही पटत नव्हती.

त्या मंगळवारी शालूच्या नवऱ्याच्या, अंगदच्या बीटवर अंगद चाललाच नव्हता. चालला होता त्याचा बाप. भिकन, वय सदुसष्ट, रेल्वेचा सेवानिवृत्त चावीवाला. चावीवाला म्हणजे उजाडताच आपल्या वाट्याचा पाच-सहा किलोमीटर रूळ, म्हणजे आपली बीट, पायी तपासणारा माणूस. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली असली तर ठोकायची, सुटलेला बोल्ट आवळायचा आणि तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं धावत सुटायचं. भिकननं मीटरगेज असल्यापासून हे काम केलं, मेंढरांमागं चालणाऱ्या बापाचा लेक तो, चालण्याचं त्याला कधी ओझं वाटलं नाही. पुढं अंगद परीक्षा देऊन त्याच कामावर लागला. आता चावीवाल्याच्या खिशात ट्रॅकर असतो. माणूस किती वाजता कुठं पोचला, ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं. पण तो ट्रॅकर कुणाच्या खिशात आहे, हे त्या पडद्याच्या बापालाही दिसत नाही.

मंगळवारी लेकीच्या पॉलिटेक्निक प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, आणि कागद तपासायला बाप हजर हवा होता. अंगदनं रजा मागितली. रूळ सांभाळणाऱ्या गँगमधल्या तीन जागा दोन वर्षांपासून रिकाम्या, वर दोघं आजारी, त्यामुळं रजा मिळाली नाही. असं झालं की भिकन खाटेवरून उठायचा आणि "म्या जातो की, त्यात काय," म्हणायचा. दोन वर्षांत हे अकरा वेळा झालं होतं. गँगवाल्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं, कारण रजेची अडचण आज अंगदला तर उद्या त्यांच्यातल्याच कुणाला येणार होती. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला ते आवडायचं. जाकीट अंगात चढलं की त्याची पाठ ताठ व्हायची. शालूला ते बघायला बरं वाटायचं, म्हणून तिनं कधी नको म्हटलं नाही.

सव्वानऊला पुलाच्या पलीकडं रूळ जोडात तुटला आणि पॅसेंजरचे दोन डबे घसरले. एकोणीस जण जखमी झाले. गंगापूर तालुक्यातली एक बाई लेकीकडं निघाली होती, ती जागीच गेली. अंगद प्रवेशाची रांग सोडून धावत तिथं पोचला. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "मीच चाललो होतो, पावणेसातला इथून गेलो, रूळ ठीक होता." ट्रॅकरनंही तीच साक्ष दिली.

आता रविवारची दुपार होती. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये पंखा गरगरत होता आणि सगळे त्याच्याखाली बसून घाम पुसत होते. सर्जेराव पेपर घेऊन आले होते. हे भिकनचे जावई, रेल्वेच्याच ऑफिसात कारकून आणि युनियनचे पदाधिकारी. घरात जावयाचा मान आणि युनियनचा मान असे दोन्ही घेऊन ते बसत, त्यामुळं खुर्ची त्यांनाच मिळे.

"ही नोटीस बघा," त्यांनी पेपर उलगडला. "'सदर अपघाताबाबत माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने सोमवारी सकाळी दहा वाजता रेल्वे सुरक्षा आयुक्तांसमोर निवेदन द्यावे.' कोणत्याही म्हंजे कोणत्याही. उद्या चहावाला बी जाऊन बोलू शकतो."

"रेल्वेची चौकशी रेल्वेच करणार ना?" बानाबाईनं विचारलं. ती भिकनची बायको. दारात बसून लसूण सोलत होती, पण आज सोललेल्या पाकळ्या तिच्या हातून सालातच पडत होत्या.

"तिथंच तर मेख हाय, मामी. आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नसतो. तो विमान खात्याकडचा. घरच्यानं घरच्याची चूक झाकू नये म्हणून तशी सोय केलीय."

"विमानवाल्याला रूळ कळतो व्हय?" भिकन खाटेवरून म्हणाला.

"कळतो, मामा. निम्मा जन्म रेल्वेतच गेलेला असतो त्याचा." मग सर्जेराव अंगदकडं वळले. "आता ध्यान देऊन ऐक. तीन वाक्यं. पावणेसातला गेलो. जोड पाह्यला. तडा नव्हता. चौथं वाक्य तोंडातून काढायचं नाय."

"पावणेसातला गेलो," अंगद म्हणाला. "जोड..." आणि थांबला.

शालूला तो का थांबला ते कळलं. दोन रुळांचा तो जोड साधा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तन्वीर त्या रुळावरून मशीन ढकलत गेला होता. तन्वीर म्हणजे अंगदचा लहानपणापासूनचा मित्र, लोक त्याच्या कामाला रुळाची सोनोग्राफी म्हणत. मशीननं त्या जोडात आत काहीतरी दाखवलं. फार नाही, पण शंका घ्यावी इतकं. तन्वीरनं जोडावर लाल फुली मारली, रजिस्टरात नोंद केली की हा जोड बदलायचा आहे, तोवर चावीवाल्यानं रोज भिंग लावून तपासावा. अंगदला त्यानं जोडापाशी नेऊन दाखवलंही. अंगद रोज गुडघ्यावर बसून तो जोड बघायचा. मंगळवारी मात्र ते भिंग त्याच्या पँटच्या खिशात होतं, पॉलिटेक्निकच्या रांगेत. हे त्यानं फक्त शालूला सांगितलं होतं. म्हाताऱ्याला कुणीच काही बोललं नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं होतं की रूळ तुम्ही गेल्यानंतर तुटला, आणि तो ते मानून चालला होता.

"जोड पाह्यला म्हणायला जीभ अडती का?" सर्जेरावांनी विचारलं.

अंगद उत्तर देणार तोच दारात कय्युमचाचा उभे राहिले. हे तन्वीरचे वडील, भिकनच्या गँगमधले जुने लोहार. एरवी त्यांचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. "क्या भिकन, जिंदा हाय का?" असं रस्त्यावरूनच विचारायचे. आज त्यांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि न बोलता आत आले. शालूनं चहा टाकला.

"अंगद बेटा, एकच गोष्ट पुसायला आलो," ते म्हणाले. "तन्वीरला काल कागद भेटला. वरचे म्हणतात, चावीवाल्याला सकाळी तडा दिसला नाय, म्हंजे जोड एकदम तुटला. एकदम तुटला म्हंजे आतून लई खराब होता. मग तन्वीरनं 'नजर ठेवा' असं काहून लिव्हलं, 'आत्ताच काढा' असं काहून नाय? सगळं तुझ्या एका शब्दावर उभं हाय. तू त्या दिवशी भिंग लावून पाह्यलं का? हां बोल, मी उठून जातो. पोराची चूक असंल तर पोरगं भोगंल."

अंगद फरशीकडं बघत राहिला.

"कय्युमभाई, चौकशी चालू असताना साक्षीदाराला असं विचारणं बरं नाय," सर्जेराव म्हणाले.

"मी साक्षीदाराला नाय पुसलं. माझ्या मांडीवर खेळलेल्या पोराला पुसलं."

शालूच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली. हो म्हण, असं तिला वाटलं. हो म्हणालास तर घर वाचतं. आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, कारण तिच्या लग्नात पाहुण्यांच्या पंगती कय्युमचाचांनी वाढल्या होत्या.

"कुठला जोड?" भिकननं विचारलं.

"आबा, तुमी पडा जरा," अंगद घाईनं म्हणाला.

"पुलापल्याडचा," कय्युमचाचा म्हणाले. "तिसऱ्या खांबाजवळचा. ज्याच्यावर तन्वीरनं लाल फुली मारलीय."

भिकन खाटेवरून खाली उतरला. "लाल फुली? ती म्या पाह्यली."

"कधी पाह्यली?"

"मंगळवारी."

सर्जेरावांनी कपाळावर हात मारून घेतला. कय्युमचाचांनी एकदा अंगदकडं पाहिलं, एकदा भिकनकडं, आणि त्यांना सगळं समजलं. पन्नास वर्षांची ओळख होती, जास्त सांगावं लागलं नाही.

"तू चालला होता?"

"व्हय. लाल खूण दिसली. म्हनलं, ह्यो जोड झालाय." भिकन बोलत होता तो फक्त कय्युमशी, बाकीचे खोलीत नसल्यासारखा. "नानासाहेब मुकादमाच्या टायमाला काय करायचो आपण? जोड तपासला, आवळला, काम फत्ते झालं की वरून लाल रंगाचं बोट ओढायचो. मागनं येणाऱ्यानं त्याच जोडावर येळ घालू नये म्हणून."

"हां," कय्युमचाचा हळूच म्हणाले. "रंगाचा डबा मीच धरायचो."

"मला वाटलं, पोरांनी केलंय काम. बाकी समद्या जोडांवर वाकून पाह्यलं. त्याच्यावर नाय पाह्यलं. तसाच पुढं गेलो." त्यानं कय्युमचा हात धरला. "कय्युम, तिथं तडा असंल का रं तवा?"

कय्युमचाचांनी उत्तर दिलं नाही. तुटलेल्या रुळाच्या तोंडावर जुना गंज होता, हे तन्वीरनं त्यांना सांगितलं होतं, आणि गंज अडीच तासांत चढत नाही, हे लोहाराला सांगावं लागत नाही. त्यांनी भिकनच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि उठले. "मी कुणाला बोलणार नाय," ते म्हणाले. "खुदा की कसम. पण माझ्याही घरात चूल पेटायची हाय." चहा तसाच राहिला.

ते गेल्यावर घर पेटल्यासारखे सगळे एकदम बोलू लागले.

"मीच चाललो होतो," अंगद म्हणाला. "आबा, नीट ऐका. तुमी घरी होता. मीच चाललो होतो."

"आन् तन्वीर?"

"तन्वीरची फार तर वर्षभराची वेतनवाढ थांबंल. मला बडतर्फ करतील. आन् तुमच्यावर पोलीस केस व्हईल, या वयात."

"तुझं म्हणणं बराबर हाय," सर्जेराव म्हणाले, मग जरा थांबून, "फक्त कय्युमभाईला आता माहीत झालंय. उद्या पोरासाठी त्यानं तोंड उघडलं तर खोटा जबाब दिल्याचा गुन्हा वरून चढंल."

"चाचा बोलणार नायत."

"बाप हाय तो, अंगद. तू बापासाठी खोटं बोलायलास, त्यानं पोरासाठी खरं बोलू नये व्हय?"

बानाबाईनं लसणाची ताटली बाजूला सारली. "त्या बाईचं नाव काय व्हतं?" तिनं विचारलं.

कुणालाच सांगता येईना. सर्जेरावांनी पेपर परत उघडला, आतल्या पानावर बोट फिरवलं. "पार्बताबाई. वय बावन्न."

"पार्बताबाई," बानाबाई म्हणाली. "पाच दिस झाले, ह्या घरात एकानंबी नाव इचारलं नाय." ती नवऱ्याकडं वळली. "तुमच्या मनाला काय वाटतं ते करा. ह्यांचं ऐकू नका."

भिकन परत खाटेवर टेकला. मग त्यानं भलतंच विचारलं. "गोकुळ सध्या कुठं हाय?"

"पुढच्या बीटवर. चावीवाला झालाय की," अंगद म्हणाला.

"त्याला काम म्या शिकवलं. लाल खूण म्हंजे काय, ते बी म्याच शिकवलं. त्याच्यासंगं आणखी तीन-चार पोरं व्हती. ती समदी अजून चालत्यात."

"आबा, त्यांच्या रजिस्टरवर सह्या घेतल्यात. नव्या खुणेचं समद्यांना माहितीय."

"सह्या म्या बी लई केल्या. वाचून एक बी नाय केली." भिकननं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "तू म्हणशील, 'मीच चाललो, तडा नव्हता.' मग ते म्हणतील, मशीन चुकलं. नवं मशीन आणतील. आन् गोकुळ उद्या लाल फुली बघून पुढं जाईल. म्हंजे परत एक पार्बताबाई."

अंगद चिडला. उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

सर्जेराव व्यवहारी माणूस. वारं कुठं वळतंय ते त्यांना लवकर कळे. "बरं, मामा, बोलायचंच असंल तर अशा रीतीनं बोला. म्हणा, मला खूण दिसली नाय. वय झालंय, नजर अधू हाय. ज्याला दिसलं नाय त्याची लोकांना दया येते. ज्याला दिसलं आन् जो पुढं गेला, त्याला कुणी सोडत नाय."

"दाजी," शालू म्हणाली. "मामांसंगट मी जाते उद्या."

अंगद गर्रकन वळला. "तुझं डोकं फिरलंय का? क्वार्टर जाईल. पोरीची फी कुठून भरायची? कुठं राह्यचं?"

"ठाऊक हाय मला."

"मग?"

तिला नीट सांगता आलं नाही. भीती वाटत होती, हे छप्पर उद्या आपलं नसेल हे दिसत होतं. "अकरा वेळा ट्रॅकर मी चार्जिंगला लावला," ती म्हणाली. "मामांना मी पाठवलं. तुमी रजेसाठी पाया पडत होता तवा मीच म्हणायची, कशाला हात जोडता, मामा हायेत की. आता मामा एकटेच जातील आन् मी हितं भाकरी थापत बसू?"

सोमवारी सकाळी अंगद सगळ्यांच्या आधी, चहा न घेता घरातून निघून गेला.

स्टेशनाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चौकशी होती. बाहेरच्या बाकांवर गँगवाले, ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. अंगदही होता. शालू सासऱ्याचा हात धरून जिना चढली, तेव्हा त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. पलीकडच्या बाकावर कय्युमचाचा तन्वीरशेजारी बसले होते. त्यांनीही वर पाहिलं नाही. दिलेला शब्द ते पाळत होते.

आयुक्त पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते. मराठी बोलत, पण जरा शोधून शोधून. त्यांच्या डाव्या हाताला विभागाचे इंजिनिअर साहेब, उजव्या हाताला लिहून घेणारा कारकून. सर्जेराव युनियनच्या वतीनं भिंतीलगत उभे होते.

"बसा," आयुक्त म्हणाले. "आधी एक सांगतो. शिक्षा देणं हे माझं काम नाही. गाडी का उतरली आणि पुन्हा उतरू नये म्हणून काय करायचं, एवढं मी शोधतो. पण तुम्ही जे बोलाल ते वाचून दुसरे कुणी शिक्षा देऊ शकतात. तेव्हा समजून बोला."

"समजलं," भिकन म्हणाला. आणि त्यानं सांगितलं. कुठंही न अडखळता, पहाटे घरातून निघाल्यापासून पुलापर्यंत, पुलापासून खांबापर्यंत. मध्ये इंजिनिअर साहेबांनी पेन खाली ठेवलं. शालूनं तिचं सांगितलं. अकरा वेळा, हा आकडा तिनं दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा कारकुनाला तो नीट ऐकू गेला नाही.

आयुक्तांनी अंगदला आत बोलावलं. "तुमच्या पहिल्या जबाबात तुम्ही चाललात असं आहे. हे दोघं वेगळं सांगतात. तुम्ही म्हणालात की हे खोटं बोलतात, तर ट्रॅकर तुमच्या बाजूनं आहे. काय ते सांगा."

शालूनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं डोळ्यांनीच काहीतरी मागितलं असतं, आणि काय मागितलं असतं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"रजा मागितली व्हती, साहेब," अंगद म्हणाला. मग बापाकडं बघून, "आबा चालले. मी लेकीसंगं व्हतो." त्यानं खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं. "हे बी माझ्यासंगं रांगेत उभं व्हतं."

आयुक्तांनी दोन वर्षांचे ट्रॅकरचे तक्ते मागवले. शालूला आठवत होत्या त्या तारखा ते एकेक करून पाहू लागले. "एरवी ताशी साडेचार किलोमीटर," ते म्हणाले. "या दिवशी तीन. या दिवशीही तीन. हे बघा, तीनच." ते इंजिनिअर साहेबांकडं वळले. "हे तक्ते कोण वाचतं?"

"बीट पूर्ण झाली की पडद्यावर हिरवं दिसतं, सर. हिरवं दिसलं की..."

"की?"

आयुक्तांनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. रजेचे अर्ज आणि रिकाम्या जागांची यादी दुपारपर्यंत टेबलावर हवी, असं सांगितलं. शालूला वाटलं होतं की सगळा दोष गुंडाळून आपल्या पदरात टाकतील. तसं होत नव्हतं, पण त्यानं तिचं ओझं कमी झालं नाही.

कारकुनानं भिकनचं निवेदन लिहून पुढं केलं. भिकनला सहीपुरती अक्षरं येत. "सूनबाई, वाच," तो म्हणाला.

शालू वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर ती थबकली. तिथं लिहिलं होतं, 'वयोमानामुळे दृष्टी अधू असल्याने सदर खूण मला दिसली नाही.' तिनं वर पाहिलं. सर्जेराव खिडकीबाहेर बघत होते. साक्षी चालू असताना ते कारकुनाच्या कानाशी लागले होते, ते तिनं पाहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. सासऱ्याला वाचवत होता. हे वाक्य गाळून पुढचं वाचलं असतं, तर म्हाताऱ्यानं सही केली असती, आणि पोलिसांपासून तो कदाचित सुटला असता. तिच्या हातात तेवढा एकच क्षण होता.

तिनं ते वाक्य जसं होतं तसं वाचलं.

"नाय," भिकन म्हणाला. "दिसली व्हती. लिवा, दिसली व्हती."

"आजोबा, तुमच्या भल्यासाठीच..." कारकून पुटपुटला.

"माझं भलं ठिवा बाजूला. दिसली नाय असं लिवलं तर तुमी समद्यांचे डोळे तपासाल. डोळे चांगलेच निघतील. आन् गोकुळ तसाच फुली बघून पुढं जाईल. नानासाहेब मुकादमाच्या हाताखाली जितके शिकले, आन् माझ्या हाताखाली जितके, त्यांना लाल म्हंजे काम झालं, एवढंच ठाऊक हाय."

आयुक्त खुर्चीत पुढं झाले. "हा गोकुळ सध्या कुठं आहे?"

"आज ड्युटीवर. पुढच्या बीटवर."

"साहेब," आयुक्त इंजिनिअर साहेबांना म्हणाले, "आत्ता बाहेर जा. या भागातल्या प्रत्येक चावीवाल्याला फोन करा. लाल फुली म्हणजे काय, एवढंच विचारा. उत्तर सांगू नका. आणि उलगडा होईपर्यंत फुली असलेल्या प्रत्येक जोडावरून गाडी ताशी तीसनं काढा."

इंजिनिअर साहेब गेले. पाऊण तास कुणी उठलं नाही. दार उघडंच राहिलं होतं, बाहेरच्या बाकावरून कय्युमचाचा आत बघत होते. अंगद बापाच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला होता. शालूनं पदरानं चेहरा पुसला, पण रडली नाही.

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर पाच नावं होती. "पाच जणांना विचारलं, सर. तिघांनी बरोबर सांगितलं." ते थांबले. "दोघं म्हणाले, लाल फुली म्हणजे काम झालंय."

"गोकुळ?" भिकननं विचारलं.

साहेबांनी कागदाकडं पाहिलं. "दोघांतला एक."

भिकननं डोळे मिटले आणि उघडले. आयुक्तांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. पाचपैकी दोघांनी खुणेचा उलटा अर्थ सांगितला."

"दोघं नाय, साहेब," भिकन म्हणाला. "मला धरा."

कारकुनानं आयुक्तांकडं पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. कारकुनानं पाचावर रेघ मारून सहा केलं, दोनावर रेघ मारून तीन, आणि सही कुठं करायची ते भिकनला बोटानं दाखवलं.